रेखाबी घराण्याचा नेम आणि आहुप्याचे पाहुणे

(अभ्यासवर्गाकरिता पाठ. वाचनाचा भाग : यिर्मया, अध्याय ३५. शिक्षकांनी हा अध्याय वर्गापुढे आधी सावकाश वाचावा, व मग पुढील विवेचन घ्यावे.)

ह्या पाठाचा विषय प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. जेथे आईबाप, मुलेबाळे व म्हातारी माणसे मिळून करमणुकीकरिता जातात, आणि जेथे आजवर दारू न देण्याची रीत आहे, अशा ठिकाणी ती देण्यास आरंभ करावा की नाही, हा तो विषय होय. "आमच्या खेड्यात असली करमणुकीची ठिकाणे कोठली?" असे कोणी विचारील. परंतु ज्याच्या ओसरीवर पाहुणा मुक्कामास उतरतो, आणि जो त्याजकडून जेवणाखाण्याचे पैसे घेतो, त्याच्या दारी हा प्रश्न आलाच म्हणून समजावे. घाटमाथ्यावरील पुष्कळ घरी तो येऊन उभा आहे.

ज्या वाचकांनी आहुपे पाहिले नाही त्यांच्याकरिता थोडे सांगतो. हे गाव पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात, अगदी सह्याद्रीच्या कड्यावर आहे. घोडेगावाहून डिंभे धरणाच्या जलाशयाच्या कडेकडेने पश्चिमेस जात राहिले म्हणजे रस्ता ह्या कड्यापाशी पोहोचतो. कड्याखाली कोकण पसरलेले आहे. तेथे मुरबाड तालुक्यातील खोपिवली गावापासून आहुपे घाटाची जुनी पायवाट वर चढते. समोर गोरखगड व मच्छिंद्रगड यांचे सुळके दिसतात. घोड नदी ह्याच डोंगरात उगम पावते. वस्ती बहुतेक महादेव कोळी लोकांची. भात, नाचणी व वरई ही पिके, आणि उन्हाळ्यात हिरडा गोळा करून विकणे, ह्यांवर संसार चालतो. गावाची देवराई राखलेली आहे, आणि सभोवारच्या रानाचा समावेश १९८५ सालापासून भीमाशंकर अभयारण्यात झाला आहे.

अशा ठिकाणी पावसाळा लागला की पुण्यामुंबईची माणसे धुके व धबधबे पाहावयास येतात. त्यांस जेवावयास भाकरी-पिठले लागते, रात्री पाठ टेकावयास जागा लागते, आणि त्यात गावकऱ्यांस चार पैसे मिळतात. हे चांगलेच आहे. एका पिकावर व हिरड्याच्या भावावर ज्यांचे वर्ष अवलंबून, त्यांच्या हाती जून ते सप्टेंबर रोख पैसा येतो ह्याचा आनंदच मानला पाहिजे. परंतु पाहुण्यांच्या काही टोळ्या भाकरीबरोबर दुसरीही मागणी करतात.

घाटमाथ्यावरील एका गावी (गावाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) एका बाईशी माझे बोलणे झाले. तिचा नवरा पूर्वी पीत असे. तीन वर्षे झाली, त्याने सोडली होती. त्यांच्या घरी पाहुणे उतरू लागले. पाहुण्यांनी दारू मागितली नाही. ती त्यांनी गाडीतून आपल्याबरोबरच आणली होती. त्यांनी मागितले ते फक्त पेले, थंड पाणी आणि तळलेले काहीतरी. पेले कोणी नेऊन द्यावयाचे? नवऱ्याने. ते त्याला "बसा की, दादा" म्हणाले. तो बसला नाही. सकाळी पाहुणे निघाले तेव्हा पैसे मोजून दिले, वर मुलाच्या हातावर खाऊला नोट ठेवली, आणि अर्धी राहिलेली बाटली नवऱ्याला बक्षीस म्हणून ठेवून गेले. ती बाई मला म्हणाली, "पाव्हणे गेले निघून. बाटली राह्यली मागं."

वर्गात हा प्रसंग सांगून शिक्षकांनी विचारावे, की ह्यात अपराध कोणाचा? पाहुण्यांनी तर आपल्या मते सौजन्यच केले. मला वाटते, घरमालकाने आधी काहीच ठरविले नव्हते, हाच येथील दोष. आणि ठरविले नाही म्हणजे पाहुण्याने ठरविले असे होते.

आता हाच प्रश्न जगातील एका फार श्रीमंत ठिकाणी साठांहून अधिक वर्षे चालला, त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात ॲनाहाईम नावाचे शहर आहे. तेथे १७ जुलै १९५५ रोजी वॉल्ट डिस्ने ह्या चित्रपटकाराने 'डिस्नेलँड' नावाची एक मोठी बाग उघडली. आपल्याकडील जत्रेत पाळणे, चक्रे व सोंगे असतात, तसेच तेथे असते; मात्र ती जत्रा बारमाही, आणि दाराशी पैसे भरून आत जावयाचे. ही कल्पना त्यास कशी सुचली हे तो स्वतः सांगत असे. आपल्या दोन मुलींना घेऊन तो लॉस एंजेलिस येथील एका बागेत जाई. मुली फिरत्या घोड्यांवर बसत आणि बाप बाकावर बसून राही. त्याच्या मनात आले की आईबाप व मुले ह्या दोघांसही एकत्र गंमत वाटेल असे ठिकाण का नसावे? त्या काळच्या तेथील जत्रांत घाण, धटिंगण व दारू ह्यांचा सुळसुळाट असे. म्हणून त्याने आपल्या बागेत दारू विकावयाची नाही असा नियमच केला. दारू आली की दांडगी माणसे मागोमाग येतात, असे त्याचे म्हणणे होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी, कारण तिच्यावर पुढील सगळा विचार उभा आहे. वॉल्ट डिस्ने हा स्वतः दारू न पिणारा मनुष्य नव्हता. घरी तो मद्य घेत असे. तेव्हा बागेचा नियम हा त्याच्या धर्माचा नियम नव्हता. तो दाराशी पैसे भरणाऱ्या आईला दिलेला शब्द होता. तो शब्द असा की, बाई, येथे तुझे मूल हात सोडून धावले तरी भिण्याचे कारण नाही.

हा शब्द पुढे कसा सैल होत गेला तेही पाहावे. डिस्ने १९६६ च्या डिसेंबरात वारला. दुसऱ्याच वर्षी, १९६७ साली, त्याच बागेत माडीवर सभासदांपुरता एक क्लब उघडला व तेथे मद्य मिळू लागले. खाली फिरणाऱ्या सामान्य लोकांस ते मिळत नसे. १९७१ साली फ्लॉरिडा प्रांतात तसलीच दुसरी बाग निघाली. तिच्यातही दारू नव्हती, पण तिच्याच शेजारी १९८२ साली उघडलेल्या निराळ्या बागेत ती पहिल्यापासून होती. १९९२ च्या एप्रिलात फ्रान्स देशात पॅरिसजवळ बाग उघडली. तेथे प्रथम अमेरिकेचाच नियम लावला. फ्रेंच लोक चिडले, धंदाही मनासारखा चालला नाही, आणि १९९३ साली तेथे जेवणाबरोबर द्राक्षारस देण्यास आरंभ झाला. २०१२ च्या नोव्हेंबरात फ्लॉरिडाच्या मूळ बागेत एका भोजनगृहात रात्रीच्या जेवणापुरती बिअर व वाईन सुरू झाली. पुढील काही वर्षांत ती इतर भोजनगृहांतही आली. शेवटी ३१ मे २०१९ रोजी ॲनाहाईमच्या मूळ बागेतच, नव्याने बांधलेल्या एका भागातील गुत्त्यात, सर्वसामान्य लोकांस दारू मिळू लागली. पेला त्या खोलीबाहेर नेऊ नये, एवढे बंधन राहिले.

ह्यापुढे त्या बागेचा सत्यानाश झाला, असे लिहिले असते तर आमचे काही उपदेशक खूश झाले असते. पण तसे झाले नाही, व जे झाले नाही ते वर्गात सांगू नये. लोक आजही मुलांना घेऊन तेथे गर्दीने जातात. तेथे पहारेकरी आहेत, देखरेख आहे, पेला हाती देणारा नोकर पगारी आहे. त्या नोकराच्या स्वयंपाकघरात दुसऱ्या दिवशी उरलेली बाटली नसते. आहुप्याच्या घरी जो पेला नेऊन देतो तोच घरधनी असतो, आणि ज्या खोलीत पाहुणे पितात तिच्याच पडव्याआड मुले निजतात. श्रीमंताच्या बागेत जे निभते ते गरिबाच्या ओसरीवर निभेलच असे नाही. शिवाय ह्या ओसरीपासून कडा दूर नाही. पावसात दगड शेवाळलेले, धुक्यात हातभर पुढचे दिसत नाही, आणि दवाखाना घाटवळणाच्या रस्त्याने कित्येक कोस.

फ्रान्सच्या बदलास मात्र मी दोष देणार नाही. त्या देशात मुलांसमोर जेवताना पेलाभर द्राक्षारस घेणे ही घरोघरची रीत. तेथे बंदीची रीतच परकी होती. ती त्या लोकांनी आपल्या घरी कोणास दिलेल्या शब्दातून निघालेली नव्हती. तेव्हा 'फार दिवसांची रीत आहे म्हणून पाळा' एवढे म्हणून भागत नाही. रीत कोणाच्या रक्षणाकरिता घातली, हे विचारले पाहिजे.

आता आपल्या अध्यायाकडे वळू. रेखाबाचा पुत्र योनादाब ह्याने आपल्या वंशजांस अशा आज्ञा घातल्या होत्या : द्राक्षारस पिऊ नका, घरे बांधू नका, बी पेरू नका, द्राक्षमळे लावू नका, जन्मभर तंबूत राहा. पुढे बहुत वर्षांनी, यहोयाकीम राजाच्या दिवसांत, यिर्मया संदेष्ट्याने त्या घराण्यातील लोकांस प्रभूच्या मंदिरातील एका कोठडीत आणले, आणि द्राक्षारसाने भरलेले घट व पेले त्यांच्यापुढे ठेवून प्यावयास सांगितले. विचार करा, ठिकाण मंदिराचे, देणारा संदेष्टा! ह्याहून भारी पाहुणचार कोणता? तरी ते प्यायले नाहीत. आमच्या बापाने आम्हांस मना केले आहे, एवढेच त्यांचे उत्तर.

ह्या पाठात सहसा वाचकांच्या नजरेतून निसटते असे एक कलम आहे. ते अकराव्या वचनात आहे. हे लोक त्या वेळी यरुशलेम शहरात राहत होते! बाबेलच्या राजाची फौज देशात शिरली, म्हणून जीव वाचविण्याकरिता ते तंबू सोडून शहराच्या तटाआड आले होते. म्हणजे वाडवडिलांच्या नेमातील एक भाग त्यांस परिस्थितीमुळे सोडावा लागला होता. आता एखादा तर्कटी मनुष्य म्हणाला असता, "तंबूचा नेम मोडलाच आहे, मग पेल्याचा कशास पाळावयाचा?" आमच्या गावी हे तर्कट रोज ऐकू येते : पाहुणा ठेवावयाचा नाही ही आजोबांची रीत मोडली, घरात पैसे घेऊन जेवण दिले, मग दारूलाच काय नडले? रेखाबी असे म्हणाले नाहीत. गरजेपुरते सोडले, आणि बाकीचे घट्ट धरले. एक गाठ सुटली म्हणून सगळे गाठोडे फेकून देण्याचे कारण त्यांस दिसले नाही.

द्राक्षारस पिणे हेच पाप, असे ह्या अध्यायात कोठे म्हटलेले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. गालीलातील काना येथील लग्नाची गोष्ट वर्गातला कोणी ना कोणी काढीलच. त्यास गप्प बसवू नये. त्याला रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायाकडे न्यावे. तेथे प्रेषिताचा रोख असा आहे की, मला मोकळीक असली तरी माझ्या मोकळिकीने दुर्बळ बंधूस ठेच लागत असेल, तर ती मी वापरू नये. पेले नेऊन देणारा तो तीन वर्षांचा सुटलेला नवरा येथे डोळ्यांपुढे आणावा. मग फार टीका करावी लागत नाही.

काही जण म्हणतील, "आम्ही नाही म्हटले तर पाहुणा पलीकडच्या घरी जाईल; बाटली तर यावयाचीच." हा आक्षेप हलका नाही. बंदीने दारू जात नाही, चोरवाट तेवढी सुरू होते, हेही पुष्कळांचे म्हणणे आहे. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ च्या एप्रिलपासून दारूबंदी होती. सरकारने २०२१ साली ती उठविली, आणि चोरटी दारू व तिच्याबरोबर वाढलेले गुन्हे हेच कारण पुढे केले. शेजारच्या गडचिरोलीत मात्र १९९३ पासूनची बंदी उठविली गेली नाही. दोन्ही उदाहरणे वर्गापुढे ठेवावी. माझे मत विचाराल तर, वरून घातलेली बंदी आणि घराने अगर गावाने आपण होऊन घेतलेला नेम ह्यांत फरक आहे. पहिलीस शिपाई लागतो, दुसऱ्यास शेजारी पुरतो. पलीकडच्या घराशी आधी बोलून दोघांनी एकच रीत ठेवली, तर पाहुणा जाईल कोठे?

पैशाचे कारण आपल्या सरकारनेही दिले होते. २०२२ च्या जानेवारीत महाराष्ट्र मंत्रिमंडळाने असे ठरविले की, शंभर चौरस मीटरांहून मोठ्या किराणा भांडारांतून वाईन विकावयास मोकळीक द्यावी. त्याने द्राक्षे पिकविणाऱ्या शेतकऱ्याचे भले होईल. वाईन म्हणजे दारू नव्हे, असेही पुष्कळांनी सांगितले. त्यावर राज्यभर ओरड झाली, राळेगणसिद्धीच्या अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाची घोषणा केली, आणि सरकारने लोकांची मते मागविली. लोक एवढे का बोलले? राज्यात वाईनची दुकाने थोडी होती म्हणून नव्हे. जेथे आई मुलाला घेऊन साखर-चहा आणावयास जाते त्याच फळीवर बाटली येणार, हे त्यांस रुचले नाही. आणि हे काही आजकालचे खूळ नव्हे. पुणे नगरपालिकेचे सभासद असता १८८० साली जोतीराव फुल्यांनी शहरात दारूची दुकाने वाढू देण्याविरुद्ध पत्र लिहिले होते.

आता व्यवहाराचे सांगतो, कारण ग्रामशिक्षकांस नेमके हेच विचारले जाते. परवान्यावाचून दारू विकणे १९४९ च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. तेव्हा "चार बाटल्या घरात ठेवू, मागेल त्यास देऊ" हा मार्ग खुंटलाच. वयाचीही अट आहे : बिअरला एकवीस, कडक दारूला पंचवीस वर्षे, आणि कॉलेजातील मुलांच्या टोळ्यांत पंचविशी ओलांडलेले किती असतात, हे पाहुणे उतरविणाऱ्यांस ठाऊक आहे. परवाना काढून दुकान किंवा बार उघडण्याचा बेत कोणी केला, तर तो एकट्या घराचा प्रश्न उरत नाही. आंबेगाव व जुन्नर तालुक्यांचा पश्चिमेकडील आदिवासी मुलूख अनुसूचित क्षेत्रात मोडतो. अशा क्षेत्रातील ग्रामसभेस मादक पदार्थांची विक्री व सेवन बंद करण्याचा अगर त्यावर बंधन घालण्याचा अधिकार १९९६ च्या पेसा कायद्यात सांगितला आहे, आणि महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ साली केले. दुकान आधीच असेल तर २००८ च्या शासन-आदेशाची वाट आहे : गावातील एकचतुर्थांश स्त्री-मतदारांनी मागणी केली म्हणजे गुप्त मतदान घेतात. कागदावर एक बाटली उभी व एक आडवी असते. आडवीस बहुमत मिळाले की दुकान बंद होते. लिहितावाचता न येणाऱ्या आजीलाही उभी कोणती व आडवी कोणती हे समजते. ही युक्ती ज्याने काढली त्याचे मला कौतुक वाटते.

ग्रामसभेच्या आधी स्त्रियांची वेगळी सभा घेण्याचा नियम आहे. पुष्कळ गावी ती कागदावरच होते, सह्या घरी फिरवून घेतात. ती खरोखर भरवावी असा आग्रह ग्रामशिक्षकाने धरावा, आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपूर्वीची सभा विशेषेकरून चुकवू नये, कारण तेव्हा पाहुण्यांचा हंगाम भरात असतो. त्या सभेत "दारू चांगली की वाईट" असा वाद घालू नये. त्यात वेळ जातो व पुरुष हसतात. पाहुणे उतरविणाऱ्या घरांतील बायकांस एवढेच विचारावे : पेले कोण धुते? रात्री अपरात्री आरडाओरड झाली तर दार कोण उघडते? उरलेली बाटली कोठे जाते? उत्तरे लिहून घ्यावी, आणि तीच मोठ्या सभेत वाचावी.

ज्या घराने नेम घेतला त्याने तो पाहुणा दारात आल्यावर सांगू नये. पाहुणा चार तासांचा प्रवास करून आलेला असतो. त्या वेळी नाही म्हटले की भांडण होते. फोनवर जागा ठरविताना, पैशाच्या आधी, हे सांगावे. आणि तेच वाक्य पाटीवर लिहून अंगणात लावावे, म्हणजे घरधन्यास तोंड वाजवावे लागत नाही. सांगताना उपदेश करू नये. "आमच्या घरी चालत नाही, साहेब" एवढे पुरे. रेखाबी त्याहून फारसे अधिक बोलले नव्हते.

वर सांगितलेल्या बाईने असेच केले. ती बाटली तिने त्याच सकाळी उकिरड्यावर रिकामी केली, आणि पुढील पावसाळ्यापासून फोन आपल्याजवळ ठेवला. दोन टोळ्यांनी तिचे म्हणणे ऐकून फोन ठेवून दिला. त्या दोन शनिवारी तिच्या चुलीवर घरच्यापुरतीच भाकरी झाली. मुलाच्या वह्यांचे पैसे त्या महिन्यात शेजारणीकडून उसने आणावे लागले, हेही तिने मला सांगितले. नवरा तेव्हा बाहेर पडवीत पत्र्याची गळती काढीत होता.